तापलेल्या इंजिनाची वीस मिनिटं

माझी बायको विमान चालवण्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली, आणि दोन्ही वेळा खरं तर ती नापास झालीच नव्हती. नापास झालं होतं विमान. म्हणजे पर्यायाने मी, कारण त्या विमानाचा मेकॅनिक मी आहे. घरात हे कोणी बोलून दाखवत नव्हतं. दाखवलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

दुखणं तसं साधं आहे. आमच्या क्लबचं विमान चार माणसांचं, छोटं. उडत असतं तोवर वारा इंजिनाला गार ठेवतो. उतरून बंद केलं की वारा थांबतो, इंजिन मात्र तापलेलंच राहतं, आणि त्याच्या डोक्यावरून गेलेल्या बारीक नळ्यांमधलं पेट्रोल उकळायला लागतं. नळीत पेट्रोलऐवजी वाफ भरते. पंप बिचारा वाफच ओढत बसतो, इंजिन दोनदा खोकतं आणि मान टाकतं. पाच मिनिटांत पुन्हा सुरू करा, मुकाट्याने चालतं. दोन तासांनी करा, तेव्हाही चालतं. मधे वीसेक मिनिटं उभं ठेवलं की याचे नखरे सुरू.

आणि परीक्षकसाहेबांची पद्धत अशी, की पहिला भाग झाला की खाली उतरायचं, क्लबच्या ऑफिसात बसून चहा घ्यायचा, शेरे लिहायचे आणि मग दुसऱ्या भागासाठी वर जायचं. चहाला त्यांना वीस मिनिटं लागतात. बशीत ओतून प्या म्हणून मी एकदा सुचवून पाहिलं, तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

पहिल्या खेपेला चहानंतर इंजिन सुरू झालं आणि धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन बंद पडलं. दुसऱ्या खेपेला सुरूच झालं नाही. दोन्ही वेळा कागदावर शेरा तिच्या नावापुढे आला. आता तिसरी खेप. तिच्या लेखी परीक्षेची मुदत महिनाअखेरीस संपत होती, त्यामुळे हीही संधी हुकली तर सातही पेपर पहिल्यापासून द्यायचे. ते पेपर तिने कसे दिले होते ते मी बघितलं होतं. इस्त्री करताना समोरच्या भिंतीला हवामानाचे तक्ते चिकटवलेले असायचे, आणि माझ्या दोन शर्टांवर ढगांच्या प्रकारांपायी जळके डाग पडले. ते पुन्हा तिला करायला लावणं माझ्या जिवावर आलं होतं.

म्हणून या वेळी मी हयगय केली नाही. नळ्या एक्झॉस्टपासून दोन बोटं लांब सरकवल्या, त्यांच्यावर उष्णता अडवणारं जाड आवरण चढवलं, मधे पत्र्याचा आडोसा बसवला. टाक्यांची हवेची भोकं तपासली, तर एकात कुठल्याशा किड्याने मातीचं घर बांधलं होतं. त्याला घराबाहेर काढलं. मला वाटलं, झालं.

पण सासऱ्यांना तसं वाटेना. सासरे याच हँगरात, म्हणजे क्लबच्या विमानांच्या शेडमध्ये, तीस वर्षं मेकॅनिक होते. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांचा पान्यांचा संच मला मिळाला. मुलगी त्याआधीच मिळाली होती. निवृत्त झाले म्हणजे हजेरीपटावरून नाव गेलं एवढंच, येणं चालूच. वाफेवर त्यांचा इलाज म्हणजे लाकडी चिमटे, कपडे वाळत घालायचे. ते नळीला ओळीने लावले की लाकूड उष्णता पिऊन टाकतं म्हणे. अकराच हवेत. दहाने काय बिघडतं असं विचारलं, तर ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. चिमटा सुटून इंजिनाच्या पट्ट्यात अडकला तर काय घ्या, म्हणून मी ते काढून टाकतो, ते पुन्हा लावतात, आणि तिकडे सासूबाईंच्या चादरी शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन पडतात. परीक्षेच्या सकाळी मी तीन वेळा अकरा-अकरा चिमटे काढले. चौथ्या वेळी सासूबाईंचा फोन आला, घरात आता एकही चिमटा नाही, तेव्हा हे प्रकरण थांबलं.

पहिला भाग झकास झाला. तिने विमान असं उतरवलं की साहेबांच्या मांडीवरचा कागद हलला नसेल. मग नाक वाऱ्याकडे करून उभं केलं, इंजिन बंद केलं, पेट्रोलचा लाल दांडा मागे ओढून प्रवाह तोडला, आणि इंजिनावरची छोटी झडप उघडून ठेवली, म्हणजे आतली धग वर निघून जाते. सगळं शिस्तीत. माझ्याजवळून जाताना मला म्हणाली, हात लावू नकोस. मी म्हटलं, छे.

पुस्तकात लिहिलेली पद्धत अशी आहे: सुरू करायच्या आधी लाल दांडा बंद ठेवूनच विजेचा पंप मिनिटभर चालवायचा. नळ्यांमधलं गरम पेट्रोल आणि वाफ परत टाकीत जाते, त्यांच्या जागी गार पेट्रोल येतं. हे ती करणारच होती. मला ते ठाऊक होतं. पण ऑफिसच्या खिडकीतून साहेबांचा कप दिसत होता आणि ऊन मी म्हणत होतं. पंधराव्या मिनिटाला माझा धीर सुटला. मी हळूच दार उघडलं, पंप लावला आणि कोणी बघत नाही ना म्हणून मिनिटभर ऑफिसकडे डोळे लावून बसलो. दांड्याकडे बघायला हवं होतं. नाही बघितलं.

साहेब बाहेर आले. ती चढली, आणि चढल्या चढल्या थांबली. लाल दांड्याकडे बघितलं, नाकाने हवा ओढली, खाली उतरली आणि विमानाच्या नाकाखाली वाकून पाहिलं. पेट्रोल टपटपत होतं. जमिनीवर ताटाएवढं ओलं झालं होतं. नळीत आता वाफेचा मागमूस नव्हता, इंजिनच पेट्रोलात बुडालं होतं.

"पंप कोणी लावला?" तिने विचारलं.

सासरे आकाशाकडे बघायला लागले. मीही आकाशाकडे बघायला लागलो. वर बघण्यासारखं काही नव्हतं.

"मी," शेवटी मी म्हणालो. "एकच मिनिट."

"मी दोन," सासरे म्हणाले. "जावईबापूंच्या आधी. आणि दांडा पुढे ढकलून. पेट्रोल इंजिनापर्यंत पोचायला नको का?"

तीस वर्षं या माणसाने विमानं दुरुस्त केली होती, आणि मी त्यांच्याच हाताखाली शिकलो होतो. लाजेने मला तोंड लपवायला जागा उरली नाही. सात पेपर, इस्त्री, भिंतीवरचे ढग, सगळं डोळ्यांपुढून गेलं. साहेबांनी पेन उघडलं.

ती मात्र रागावली नाही, आणि त्यानेच मी जास्त घाबरलो. साहेबांना तिने सांगितलं की इंजिनात पेट्रोल जास्त झालं आहे, जमीन कोरडी होईपर्यंत सुरू करता येणार नाही, आपण मागे उभे राहू. आग विझवायचं नळकांडं स्वतः आणून जवळ ठेवलं. आम्हा दोघांना तिने हँगरच्या दारापर्यंत पाठवलं. सासरे काहीतरी बोलायला गेले, तर ती म्हणाली, "बाबा, चला." ते चालू लागले. बारा मिनिटं आम्ही दाराशी शिक्षा झालेल्या पोरांसारखे उभे होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो.

मग ती आत बसली. वाफेसाठी जे करतात त्याहून वेगळं करायचं होतं: पंप बंद, पेट्रोल बंद, हवा पूर्ण उघडी, आणि पंखा फिरवत राहायचं. पंखा फिरला, काही नाही. पुन्हा फिरला. सासऱ्यांनी माझं मनगट धरलं, चांगलंच घट्ट. तिसऱ्यांदा इंजिन एकदा ठसकलं, काळा धूर ओकला, आणि तिने त्याच क्षणी हवा कमी करत लाल दांडा सावकाश पुढे नेला. इंजिन धडधडत चालू झालं. माझा जीव भांड्यात पडला. सासरे म्हणाले की चिमटे असते तर ही वेळच आली नसती.

पाऊण तासाने ती पास होऊन उतरली. साहेबांनी हात मिळवला आणि सांगितलं की बुडालेलं इंजिन इतक्या शांतपणे सुरू करणारा उमेदवार त्यांनी आजवर बघितला नव्हता. हे मुद्दाम ठरवून ठेवलं होतं का, असंही त्यांनी विचारलं. ती म्हणाली, ठरवून नाही, पण तयारी होती. आणि तिने खिशातून वही काढून त्यांना दाखवली. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावलो.

पहिल्या पानावर मथळा होता 'वाफ'. खाली पाच ओळी, पुस्तकातल्याच. दुसऱ्या पानावर मथळा होता 'हा आणि बाबा'. ते प्रकरण चार पानं चाललं होतं. पंप लावून ठेवतील. दांडा हलवतील. टाकीचं झाकण उघडून बघतील आणि घट्ट लावणार नाहीत. इंजिनावर ओला टॉवेल टाकतील. प्रत्येकापुढे काय करायचं ते लिहिलेलं, आणि किती वेळा सराव केला त्याच्या रेघा. बुडालेल्या इंजिनापुढे बत्तीस रेघा होत्या.

"आधी सांगायचं तरी," मी म्हणालो.

"सांगितलं होतं. हात लावू नकोस म्हणून." तिने वही मिटली. "तुझ्या इंजिनाची मला एक दिवस काळजी वाटली नाही. नळ्या तू बघितल्यास म्हणजे त्या ठीकच असणार. तू माझ्याबद्दल असं एकदा तरी समजायचंस."

मला फार वाईट वाटलं, आणि तेवढाच तिचा अभिमानही वाटला. मग ती सासऱ्यांना चिमटे परत करायला घेऊन गेली, आणि मी विमानाकडे वळलो. लाल दांडा मागे होता, पंप बंद होता, झडप उघडी होती. ते सगळं मी दुरूनच, हात पाठीमागे बांधून बघितलं.