रुमालातलं फूल

गंधबाबांच्या सभेत बसायला जागा हवी असेल तर तासभर आधी यावं लागे. फर्निचरच्या दुकानावरचा तो लांबट हॉल दर गुरुवारी संध्याकाळी इतका भरायचा की उशिरा येणाऱ्यांना जिन्यातच उभं राहावं लागायचं. हॉलमध्ये एकही फूल नसायचं, उदबत्ती नसायची, अत्तराची बाटली नसायची, आणि नेमकी हीच गोष्ट बाबांचा मदतनीस सुरुवातीलाच सगळ्यांच्या लक्षात आणून द्यायचा. मग बाबा यायचे. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, दोन्ही तळवे उघडे. समोर इस्त्रीच्या पांढऱ्या रुमालांची चवड असायची. बाबा तिच्यावरून नुसता हात फिरवायचे आणि रुमाल ओळीने वाटले जायचे.

मिनिटभरात पुढच्या रांगेतून कुजबुज सुरू व्हायची. आला, आला. कुणालाच नाव सांगता न येणाऱ्या एका फुलाचा वास. गोड, गार, थोडासा पावडरीसारखा. माणसं डोळे मिटून घ्यायची, काहींच्या डोळ्यांना पाणी यायचं. आणि खरी कमाल पुढेच होती. वास यायचा तसा नाहीसा व्हायचा. मग रुमालात नाक खुपसून कितीही श्वास ओढा, काही नाही. जरा वेळ थांबलं की स्वारी परत हजर.

"फूल लाजाळू आहे," बाबा म्हणायचे. "मनात 'मी' आला की मिटतं. 'मी' गेला की उमलतं. आणि ज्याच्या मनात काळं आहे, त्याला ते तोंडच दाखवत नाही."

मनातलं काळं इस्त्रीच्या रुमालावरून ओळखणं आजवर कुठल्याही लाँड्रीवाल्याला जमलेलं नव्हतं. पण हॉलमधल्या दीडशे माणसांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

त्या गुरुवारी शेवटून दुसऱ्या रांगेत दोघी बहिणी बसल्या होत्या. मोठी कारखान्यातून तशीच आली होती, कपडेही न बदलता. ती साबणाच्या कारखान्यात वजनखोलीत होती. साबणात घालायच्या सुगंधाचे वीस-पंचवीस घटक ग्रॅमवर तोलून द्यायचे, हे तिचं अठरा वर्षांचं काम. बाबांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. ती आली होती धाकटीसाठी.

धाकटीची मुलगी चिमी, वय वर्षं सहा. तिला आकडी येत असे. सकाळ-संध्याकाळ गोळी सुरू झाल्यापासून मात्र आठ महिने एकदाही आली नव्हती. पण सासूबाईंना पोर कायमची बरी व्हायला हवी होती, आणि कायमचं काही देणारा माणूस शोधायला गेलं की तो हमखास सापडतो. त्या बाबांकडे आल्या, सगळ्या घराला घेऊन आल्या. सासूबाई म्हणाल्या वास आला, धाकटीचा नवराही म्हणाला आला, धाकटीला आला नाही. पुढच्या गुरुवारीही नाही. बाबांनी निदान करून टाकलं. पोरीचा आजार आईच्या हातातून येतो. आईच्या हातची गोळी म्हणजे विष. ती बंद करा आणि पोरीला चाळीस दिवस माझ्या घरी ठेवा, आईच्या नजरेआड. नवरा अजून कां कू करत होता. आजची शेवटची परीक्षा, असं त्यानं बायकोला सांगितलं होतं.

रुमाल आले. धाकटीनं हुंगला आणि मान हलवली. मोठीनंही आपला रुमाल नाकाशी धरला. इस्त्री केलेलं सुती कापड, बस्स. तिनं पुन्हा हुंगला. आजूबाजूला सगळ्यांचे डोळे मिटलेले. अठरा वर्षं नाकावर पोट भरणारी बाई ती, आणि तिला कापडापलीकडे काही कळेना. क्षणभर तिलाही स्वतःची शंका आली.

बाबांची नजर अशा बाबतीत तयार असते. ते थेट मागे आले. "ही कोण?"

"हिची बहीण," शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

"मग बरोबर आहे," बाबा हसले. "एकाच झाडाच्या दोन्ही फांद्या."

हॉलमध्ये हशा पिकला. सासूबाईंच्या पलीकडे बसलेल्या धाकटीच्या नवऱ्यानं मान खाली घातली, आणि त्याची कां कू तिथेच संपली. घरी पोचल्यावर सासूबाईंनी गोळ्यांचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. शनिवारी सकाळी बाबा स्वतः पोरीला न्यायला येणार होते. मोठीनं परोपरीनं समजावलं, डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टर म्हणाले की गोळी अशी एकदम बंद केली तर आकडी थांबता थांबणार नाही, मूल हाताचं जाईल, आत्ता घेऊन या. नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि फोन बंद केला. मोठीला सगळ्यात जास्त लागलं ते धाकटीचं बोलणं.

"ताई, मला खरंच येत नाही गं वास. दूध करपलं तर मला तिसऱ्या खोलीत कळतं. मग हाच का येत नाही? असेल माझ्यातच काहीतरी."

आपण मदतीला गेलो आणि बहिणीच्या गळ्यातला फास आवळून आलो, हे मोठीला रात्रभर खात होतं.

शुक्रवारी सकाळी कारखान्याच्या फाटकात ओळखपत्र काढायला तिनं पिशवीत हात घातला आणि ती जागच्या जागी थांबली. पिशवीतून वास येत होता. गोड, गार, पावडरीसारखा. बाबांचा रुमाल तिनं घाईत पिशवीत कोंबला होता, तो तिथेच होता. तिनं रुमाल बाहेर काढून हुंगला. वास स्वच्छ होता आणि परका मुळीच नव्हता. गुरुवारी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत ती हाच वास तोलत होती. व्हायोलेट फुलाच्या वासाच्या साबणाची मोठी ऑर्डर होती आणि तो वास देणारं रसायन, आयोनोन, पिंपामागून पिंप तिच्या हाताखालून गेलं होतं.

आता तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वजनखोलीत प्रत्येकाला हे माहीत असतं की दिवसभर जे तोलाल त्याला नाक बहिरं होतं. गुलाबाचा दिवस असला की संध्याकाळी गुलाब कळत नाही, बाकी सगळं कळतं; दुसऱ्या सकाळी गुलाबही परत येतो. काल संध्याकाळी तिचं नाक जगातल्या एकाच गोष्टीला बहिरं होतं. रुमालाचा वास आला नाही, कारण रुमालात तीच गोष्ट होती. हॉलमधल्या दीडशे माणसांपैकी फक्त तिलाच हे उमगू शकत होतं, आणि तेही वास न आल्यामुळेच.

राहिला प्रश्न धाकटीचा. ती काही आयोनोन तोलत नव्हती. मोठी तडक सुगंध विभागाच्या प्रमुखांकडे गेली. कारखान्यात त्यांना सगळे नाकसाहेब म्हणत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. हा वास काही लोकांना जन्मतःच येत नाही, ते म्हणाले. एखाद्याला काही रंग दिसत नाहीत, तसंच हे. रक्तातून येतं. बाकीचे सगळे वास त्यांना व्यवस्थित कळतात, म्हणून आपल्यात काही कमी आहे याचा त्यांना पत्ताही नसतो. आणि ज्यांना येतो त्यांचं नाकसुद्धा याला चटकन थकतं, मग विसावलं की परत कळतं. एवढं सांगून त्यांनी कपाट उघडलं आणि आयोनोनची एक छोटी बाटली, हुंगायच्या कागदी पट्ट्यांचा गठ्ठा आणि गुलाब नि लिंबाचे दोन नमुने तिच्या हातात ठेवले. कपाटाचं दार त्यांनी ज्या जोरानं लावलं, त्यावरून त्यांना राग आलाय हे मोठीला कळलं.

शनिवारी सकाळी ती धाकटीच्या घरी पोचली तेव्हा चिमी कपडे घालून, छोटी बॅग घेऊन तयार बसली होती. चार गोळ्या चुकल्या होत्या. दूध पिताना पोरीच्या डाव्या हाताची बोटं दोनदा आपोआप थरथरली, आणि ते पाहून धाकटीनं ओठ दाताखाली धरला. मोठीनं कुणाशी वाद घातला नाही. निरोप द्यायला आले आहे म्हणाली. धाकटीचा नवरा बाबांना घ्यायला खाली उतरला आणि सासूबाई आत गेल्या, तशी तिनं खिडकी लावून घेतली, सहा पट्ट्या बाटलीत बुडवल्या आणि टेबलाच्या खालच्या कडेला चिकटवल्या.

बाबा आले. मागे मदतनीस, दारात शेजारीपाजारी, त्यातले बरेचसे दर गुरुवारी सभेला जाणारे. बाबांनी आत पाऊल टाकलं आणि वरच्या मजल्यावरच्या बाई एकदम म्हणाल्या, "अगबाई, तोच वास."

चतुर माणसाचं हेच चुकतं. न केलेल्या कामाचं श्रेय समोर आलं की त्याला ते सोडवत नाही. बाबा जरासे चमकले, पण पुढच्याच क्षणी त्यांनी दोन्ही तळवे उघडे केले. "पाहिलंत? आज हातही उचलावा लागला नाही. नुसतं पाऊल पडलं आणि फूल मागोमाग आलं."

मोठीनं आवाज अगदी गरीब ठेवला. "म्हणजे हे फूल तुमच्यामुळेच आलं ना, बाबा?"

"मग आणखी कोणामुळे येणार, बाई?"

"बाजारात कुठे मिळत नसेल?"

"या जगात उगवतच नाही ते."

"खरंय," मोठी म्हणाली. "उगवत नाही. पिंपातून येतं."

तिनं खाली वाकून एकेक पट्टी काढली आणि टेबलावर मांडली. शेजारी बाटली ठेवली. हे आयोनोन, गवती चहाच्या तेलापासून कारखान्यात बनतं, तिनं सांगितलं. याचे दोन थेंब स्पिरिटमध्ये घालून रुमालावर आदल्या दिवशी शिंपडायचे, वर इस्त्री फिरवायची, झालं तुमचं फूल. आज बाबा जिना चढण्याआधी पंधरा मिनिटं ते या खोलीत येऊन बसलं होतं. तिनं पट्ट्या सगळ्यांच्या हातात दिल्या. शेजाऱ्यांनी हुंगल्या, एकमेकांकडे पाहिलं.

बाबा सहजासहजी हटणारे नव्हते. "बाटलीनं फुलाची नक्कल होते," ते म्हणाले. "पण मग तुझ्या बहिणीला नक्कलही का कळत नाही? याचं उत्तर दे."

खोली पुन्हा धाकटीकडे वळली. ती भिंतीला चिकटून उभी होती.

मोठी धाकटीच्या नवऱ्याकडे वळली. "भाऊजी, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्हीच करून बघा. तिचे डोळे बांधा. तीन बाटल्या आहेत. गुलाब, लिंबू आणि ही. कोणती पट्टी आधी द्यायची ते तुम्ही ठरवा."

नवरा इलेक्ट्रिशियन होता. एकेक वायर तपासून दोष शोधायचा, हे त्याच्या हातातलं काम. तो मुकाट्यानं पुढे आला. त्यानं बायकोचे डोळे बांधले, पट्ट्या बुडवल्या, एकेक तिच्या नाकाशी नेली, आणि ती सांगत गेली. लिंबू. कोरा कागद. गुलाब. त्यानं क्रम बदलला. गुलाब, लिंबू, कोरा कागद. तिसऱ्यांदा बदलला. एकदाही ती चुकली नाही, आणि बाबांच्या फुलाला तिन्ही वेळा तिनं कोरा कागदच म्हटलं. हे जन्मतः असतं, मोठीनं सांगितलं. याचा मनाशी काही संबंध नाही. नाक वास सांगतं, माणूस कसा आहे हे सांगत नाही.

नवऱ्यानं बायकोच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली.

"श्रद्धा नसलेल्या घरात फूल थांबत नाही," असं काहीतरी म्हणत बाबा मदतनिसाला खूण करून निघाले. बाबा जिना उतरून गेले तरी फूल मात्र खोलीत चांगलं ठाण मांडून होतं.

सासूबाई इतका वेळ चिमीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी एक पट्टी त्यांच्यापुढे धरली. "तुम्हीच सांगा आता. तोच वास ना हा?"

सासूबाईंनी पट्टी हातात घेतली, पण नाकाशी नेली नाही.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मला तो कधी आलाच नाही."

त्यांनी पट्टी टेबलावर ठेवून दिली.

"पहिल्या दिवशी सगळ्यांनी डोळे मिटले, म्हणून मीही मिटले. या वयात चारचौघांत पापी कोण ठरवून घेणार? मग दर वेळी मिटत गेले. आणि माझ्या डोळ्यांदेखत तिला पापी ठरवलं, तेव्हाही मी मिटूनच बसले." त्यांनी चिमीला जवळ ओढलं. "पोरीचं काही झालं असतं तर?"

त्यांनी कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि डबा आणून धाकटीच्या हातात दिला. डॉक्टरांना फोन लावला गेला. एक गोळी लगेच द्या आणि तासाभरात इकडे आणा, ते म्हणाले. धाकटीनं गोळी दिली, पोरीनं पाण्याबरोबर गिळली, आणि मग धाकटी जमिनीवर बसून ढसाढसा रडली. मोठीनं तिला रडू दिलं.

डॉक्टरांकडे निघताना शेजारी अजून जिन्यात घुटमळत होते. सासूबाई चिमीचा हात धरून त्यांच्यासमोर थांबल्या. तुमच्यापैकी आणखी किती जणांना तो वास येत नाही, असं त्यांनी सरळ विचारलं. मग समोरच्या घरातल्या निवृत्त पोस्टमननं हात वर केला. त्याच्यामागे त्याच्या सुनेनं. वरच्या बाईंच्या नवऱ्यानं बायकोकडे एकदा पाहिलं आणि हळूच हात उचलला.

"मग गुरुवारी आपण सगळ्यांनी तिथं जायचं," सासूबाई म्हणाल्या. "भांडायचं नाही. रुमाल हातात आला की उभं राहून मोठ्यानं सांगायचं, मला वास येत नाही. तिथं डोळे मिटून बसलेल्या आणखी कितीतरी जणांना तेवढंच ऐकायचं असेल."