पाडव्याच्या ताटातले पाकीट

मी एक जुने पाकीट आहे, पण माझ्यात एक नोटही मावत नाही. गाडीच्या किल्लीएवढे माझे अंग, त्यावर नखाएवढा पडदा आणि दोन बटणे. क्रिप्टो नावाचे न दिसणारे नाणे असते, त्याची किल्ली मी सांभाळते.

मित्रांनो, कारखान्यातून निघाल्यावर मला घर मिळाले ते सिंगापुरात, टॅम्पिनीसच्या एका फ्लॅटमध्ये. प्रबोध बँकेत ऑडिटर, त्यांची बायको मीनल तुआसच्या कंपनीत इंजिनिअर. दोघांना पाच वर्षे लवकर निवृत्त व्हायचे होते. "सीपीएफचे निवृत्तीचे पैसे मिळतील तेव्हा मिळतील, मधल्या वर्षांचं आपणच बघू," असे म्हणून प्रबोधनी माझे नियम केले. हे नाणे घरखर्चात मिसळायचे नाही. भाव चढो वा पडो, निवृत्तीआधी हात लावायचा नाही. मला उघडायचा आकडा अर्धा त्यांच्या डोक्यात, अर्धा मीनलच्या. मी हरवले किंवा पुसले गेले तर नवी किल्ली घडवायचे गुप्त शब्दही तसेच वाटलेले, कागदावर काही नाही. शेवटी ऑडिटरच ते.

"बाबा, तू विसरलास तर? रिस्की लाह," त्यांची मुलगी इरा म्हणाली.

"मला अजून शाळेतला हजेरी नंबर पाठ आहे," प्रबोध हसले.

दर पाडव्याला मीनल त्यांना ओवाळी आणि ते ओवाळणी म्हणून मला ताटात ठेवत. मग दोघे सोफ्यावर खेटून बसत. आधी त्यांचे बोट, मग तिचे. पडदा उजळला की मीनल विचारी, "आहे ना सगळं?" ते म्हणत, "आहे. ठेव आता." एवढाच माझा सण. बाकी वर्षभर मी साड्यांच्या कपाटात त्या बोटांची वाट पाहत असे.

मग प्रबोध विसरू लागले. आधी लिफ्टचा मजला, मग शेजाऱ्यांची नावे. गेल्या पाडव्याला त्यांनी आकडा दाबला, चुकला. पुन्हा दाबला, पुन्हा चुकला. तेव्हा मीनलने मला बाजूला ठेवले. तिसऱ्यांदा चुकला की मी सगळे पुसून टाकते. मला घडवलेच तसे आहे, चोराच्या हाती काही लागू नये म्हणून. त्यांच्या वाट्याचे शब्दही गेले होते. मित्रांनो, तो आकडा मला ठाऊक आहे. पण मला सांगता येत नाही, याचे फार वाईट वाटते.

मीनलला नोकरी सोडून त्यांच्याजवळ थांबायचे आहे. ते माझ्या उघडण्यावर अडले आहे.

यंदा तिने ओवाळले तेव्हा कोणी न सांगता प्रबोधनी मला उचलून ताटात ठेवले.

"मीनल, आता तू घरीच थांबणार ना?" त्यांनी विचारले आणि बोट बटणाकडे नेले. कधी एकदा ते टेकते असे मला झाले.

मीनलने मला अलगद मुठीत घेतले. "थांबणार. पुढच्या पाडव्याला उघडू हं."

स्वयंपाकघरात इरा कुजबुजली, "आई, एकदा ट्राय तरी करू दे त्याला."

"नको. चुकलं तर आपण आकडा विसरलोय हे त्याला कळेल."

दुसऱ्या दिवशी ती तुआसला कामावर गेली. मी परत साड्यांच्या कपाटात आले.

मित्रांनो, उद्याची सोय जरूर करा, नियमही करा. पण आपले माणूस विसरूही शकते, हे धरून करा, आणि ते हसून बोलते आहे तोवरच करा. मी मात्र पुढच्या पाडव्याची वाट पाहते आहे. ते बोट पुन्हा पुढे येईल, तोवर त्यांचा आकडा मी विसरणार नाही.