झेंड्याला ओवाळायला पाचजणी

सकाळपासून सत्यवती चुलीपुढे होती. पन्नास कार्यकर्त्यांच्या तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या होत्या. ओवे गावातल्या या घरातला तिचा धाकटा दीर कृष्णकांत आज पनवेलच्या मैदानात स्वतःचा पक्ष काढणार होता, मातृभूमी पक्ष!

सासू गेली तेव्हा कृष्णकांत सात वर्षांचा. त्याला हिनंच वाढवलं. पुढे तिचा नवरा काशिराम जमिनीच्या आंदोलनात डोक्यात लाठी बसून मेला आणि ही अपशकुनी ठरली. दीर पंचायतीचा फॉर्म भरायला निघाला, "वैनी, सामने येव नको." जिल्हा परिषद जिंकून गुलालात न्हाऊन आला, ही दाराआड. आमदारकीचं तिकीट कापलं तेव्हा मात्र रडायला हिचाच पदर. वा रे देशभक्त!

आजही तेच. पक्षाच्या झेंड्याला पाच सुवासिनी ओवाळणार होत्या.

"तू घरीच रव, वैनी. लोका नावा ठेवतील."

"आनि झेंडा शिवला कोनी रं?"

"शिवायचा येगला, ओवालायचा येगला."

तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. इतक्यात कार्यकर्त्यांनी भिंतीवरचा काशिरामचा फोटो उतरवला.

"यो कुठं नेता?"

"स्टेजवर, काकी. हुतात्मा हायेत ना आपले."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिठाचे हात धुतले आणि तिनं थेट रिक्षा पकडली.

मैदानात कृष्णकांत गरजत होता, "मातृभूमीचा अपमान करणाऱ्याची आम्ही गय करणार नाही!" टाळ्या पडल्या. शेजारी काशिरामच्या फोटोला हार. सत्यवती पायऱ्या चढून वर गेली आणि तिनं फोटो उचलला.

"वैनी, इथं नको. लोका बगतान!"

"बगूं दे. याची बायको अपशकुनी, मंग यो मेलेला तुला शकुनाचा कसा रं? याच्या नावानं आता मतं मागायची नाय!"

माईक चालू होता. सगळ्या मैदानानं ऐकलं.

फोटो काखेत धरून ती उतरली. पाचजणींत पहिली उभी होती कृष्णकांतची बायको रंजिता. तिनं ओवाळणीचं ताट तिथंच खाली ठेवलं आणि जावेच्या मागून निघाली. उरलेल्या चौघी ताटं धरून उभ्याच राहिल्या.

वाचकहो, त्या चौघींना नावं ठेवायची घाई करू नका. तुमच्या घरी परवा बारसं आहे ना? विधवा काकूला "तुम्ही आत बसा" म्हणून कोण सांगणार आहे, तेवढं आधी सांगा.