नाकावरचा लाल डाग

फेलिसाला वाटलं होतं, चष्म्याचा नंबर काढतील आणि सोडतील. तिची लेक मारिव्हिक विद्यापीठात नजरेचा अभ्यास करणाऱ्यांच्या हाताखाली कामाला होती. "नानाय, पन्नाशीपुढच्या बायकाच मिळत नाहीत गं, ये ना एकदा," असा धोशा तिने आठवडाभर लावला होता. शेवटी इलोइलोत ला पाझच्या बाजारातलं आपलं बाचॉयचं, म्हणजे नूडल्सच्या रश्शाचं, दुकान बहिणीवर सोपवून, ठेवणीतला फुलाफुलांचा ब्लाउज घालून फेलिसा आली.

खोलीत हा गारठा! समोर पडदा, हनुवटी टेकवायला एक आडवी पट्टी.

"चेहरे दिसतील," मारिव्हिक म्हणाली. "किती देखणा वाटतो ते एक ते नऊमधला आकडा दाबून सांगायचं. खालचा कॅमेरा तुझी नजर कुठे जाते ते टिपणार."

"टिपू दे की! मी काय कुणाचं चोरून बघते?"

चेहरे सरकू लागले. फेलिसाला गप्प बसणं कधी जमलंय? "पोरगा बरा आहे गं, पण कान बघ, वारा सुटला तर उडेल."

"बोलायचं नाही, नानाय."

"बरं बाई. ही मात्र कुणाची तरी सून शोभेल."

आणि मग तिसाव्या फोटोला एकदम मारिव्हिकच समोर आली. हे सगळे फोटो चार वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांचे होते आणि तेव्हा ती विद्यार्थिनी होती. फेलिसाने पापणी न लवता नऊ दाबला. पोटच्या पोरीला आठ देणारी आई अजून इलोइलोत जन्मायची आहे, असं तिचं स्पष्ट मत होतं.

चाचणी संपल्यावर मारिव्हिकने तेच फोटो पुन्हा उघडले. नजर जिथे रेंगाळली तिथे लाल डाग पडत होता. उडत्या कानांच्या पोराच्या डोळ्यांवर लाल, ओठांवर थोडा. सुनेसारख्या पोरीचंही तसंच.

"बहुतेकांचं असंच येतं," मारिव्हिक म्हणाली आणि तिने स्वतःचा फोटो उघडला.

एकच डाग होता, नाकावर. गडद, कुंकवाच्या बोटासारखा. डोळे, ओठ, कपाळ, सगळं कोरं.

"यंत्र बिघडलंय," फेलिसा म्हणाली.

"तिसाव्या फोटोवरच बिघडलं?"

खोटं बोलायला फेलिसाला कधी काही कमी पडत नसे, पण त्या डागापुढे खोटं सुचेना. पोर सहा दिवसांची होती तेव्हापासून ती रोज सकाळी तिचं नाक अंगठा आणि बोटात धरून वर ओढायची. गल्लीतल्या सगळ्याच आया ओढतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण बाकीच्या जाता-येता ओढायच्या. फेलिसा जपमाळ ओढावी तशी नेमाने बसायची. पाचव्या वर्षी तिने दोरीवरचा कपड्यांचा चिमटासुद्धा लावून बघितला होता. पोर रडली, तर हिने समजूत काढली, "राणी व्हायचंय ना चर्चच्या मे महिन्यातल्या मिरवणुकीत?" राणी दरवर्षी दुसरीच कुणी झाली. शाळेत पहिलं बक्षीस घेताना पोर मंचावरून आईला शोधत होती आणि आई खालून खुणा करत होती, मान वर कर, चपटं दिसतंय.

आणि आता सोमवार. ऑपरेशनने नाकाचा दांडा उंच करून घ्यायची वेळ फेलिसानेच ठरवली होती, लग्नाला सहा आठवडे होते म्हणून. होणारा जावई रोमेल "कशाला उगाच?" म्हणाला, तर हिने त्याला झापलं होतं, "तुला काय कळतंय? फोटो जन्मभर राहतात." तिला आता स्वतःचीच शरम वाटली. प्रेमच केलं होतं तिने, दुसरं काय? पण सत्तावीस वर्षं एवढ्याशा जागेवर?

"माझा फोटो मी मुद्दाम ठेवला," मारिव्हिक म्हणाली. "ओळखीचा चेहरा काढून टाकायचा असतो. मी नाही काढला. तुझा निकाल अभ्यासात धरता येणार नाही."

"मग का ठेवलास?"

"बघायचं होतं. हे पण बघ." तिने दुसरा निकाल उघडला. तोच फोटो, तोच एकटा डाग, त्याच जागी. "हा माझा आहे. मीही स्वतःला असंच बघते, नानाय."

फेलिसाला खुर्चीत बसवेना. ती उठली, लेकीसमोर उभी राहिली. काय बोलावं? चुकलं म्हणावं तर एका शब्दात मावणार नव्हतं.

"इंदाय, पोरी," ती म्हणाली, "सोमवारी जाऊ नकोस. मी सांगते त्या डॉक्टरला. तुझं सगळं चांगलं आहे. आहे तसंच छान आहे."

मारिव्हिकच्या नाकाचा शेंडा लालसर झाला होता, नाकपुड्या हलत होत्या. हिला या खोलीत रोज सर्दी होत असणार, फेलिसाच्या मनात आलं.

"खरंच सांगते गं. शपथ. जाऊ नकोस."

"जाऊ नकोस म्हणतानासुद्धा," मारिव्हिक म्हणाली, "तू तिथेच बघते आहेस."

फेलिसाने नजर उचलली. दोन बोटंच वर, डोळ्यांपर्यंत न्यायची होती, पण जड ओझं उचलावं तसे कष्ट पडले. तेव्हा कुठे तिला कळलं की पोर मघापासून रडत होती.