नितीश रांगिपोला का जातो

नितीश बोलताना माझ्याकडे बघत नाही. माझ्या कानाकडे बघतो.

पहिल्यांदा माझ्या घरी, फ्लॅट बुशला, जेवायला आला तेव्हाच खटकलं. वाटलं, केसात काही अडकलंय का? बाथरूममध्ये जाऊन आरशात बघून आलो. काही नव्हतं.

आणि हा माणूस माझ्या बहिणीशी लग्न करणारे. जुईताई वेलिंग्टनला, जॉन्सनव्हिल भागात फार्मासिस्ट आहे. हा हॅमिल्टनच्या 'ते रापा' भागात, दुधाच्या पावडरच्या लॅबमध्ये. पुढच्या महिन्यात साखरपुडा. आईबाबांची साताऱ्याहून तिकिटं झालीयेत. इथे न्यूझीलंडमध्ये मुलीकडचं माणूस म्हणजे फक्त मी.

बाबा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "मुलगा चांगलाच असेल रे सागर. पण जरा बघून ठेव."

आमच्याकडे 'जरा बघून ठेव' म्हणजे सगळं खणून काढ.

खणलं. दारू नाही, जुगार नाही, आधीचं लग्नबिग्न नाही. एकच गोष्ट सापडली. दर महिन्याला एक शनिवार हा एकटाच रांगिपोच्या वाळवंटात चालायला जातो.

हो, न्यूझीलंडमध्ये वाळवंट आहे. रुआपेहू डोंगराच्या पूर्वेला. पाऊस पडतो, बर्फ पण पडतं, पण वारा आणि ज्वालामुखीची रेती असली आहे की काही धड उगवतच नाही. टूरिस्ट सगळे डोंगराच्या पलीकडे. इकडे चिटपाखरू नसतं. आणि नितीशच्या फोनमध्ये तिथला एक फोटो नाही. एक पण नाही. मी साधा डेअरीवर दूध आणायला गेलो तरी सूर्यास्ताचा फोटो काढतो.

ताईला विचारलं तर म्हणाली, "त्याला शांतता आवडते. तू पण कधी गप्प बसून बघ."

मग मी नितीशलाच फोन केला. "या वेळी मी पण येतो."

 

"ये की," तो म्हणाला. "सालेसाहेब सीबीआयमध्ये लागले वाटतं." आणि हसला. मी नाही हसलो.

शनिवारी सकाळी त्याला ते रापाहून उचललं. त्याने गाडी विकलीये. का? तर म्हणे पर्यावरण.

"मग दर महिन्याला जातोस कसा?"

"तुरांगी गावापर्यंत बस. पुढे एक ओळखीची बाई सोडते."

ओळखीची बाई. मी ते मनात टिपून ठेवलं आणि गाडी तुरांगीकडे दामटली.

वाळवंटातून जाणाऱ्या डेझर्ट रोडला गाडी लावली. रस्त्याच्या एका बाजूला आर्मीची जमीन, न फुटलेले बॉम्ब असू शकतात, आत येऊ नका अशी पाटी. आम्ही दुसऱ्या बाजूला, डोंगराकडे. आधी थोडी झुडपं, बीच नावाची झाडं, मग तीही संपली. राखाडी रेती, दगड, वारा. पायवाट अशी दिसतच नाही. दूरदूर अंतरावर खांब रोवलेत, एका खांबावरून पुढच्या खांबाकडे जायचं. बस. खरं सांगतो, मला आवडलं नाही. इथे कुणी काय लपवायला येत असेल तर जागा एकदम बरोबर होती.

एका मोठ्या खडकापाशी नितीश थांबला. सॅक खाली ठेवली. आणि समोर बघत उभा राहिला. मान थोडी डावीकडे. मग थोडी उजवीकडे. परत डावीकडे. कोणाची तरी वाट बघतात तसा.

"कोण येणारे?" मी विचारलं.

"इथे? कोण येणार इथे?"

"तेच विचारतोय."

"पाणी पी सागर. ऊन चढलंय तुला."

आणि तेवढ्यात खरंच कोणीतरी आलं. समोरच्या खांबाच्या बाजूने, लालभडक जॅकेट. बाई. तिने हात वर केला. जोरात हलवला. नितीश सरळ तिच्याकडेच बघत होता. पण हात हलवला नाही, हसला नाही, काहीच नाही. चेहरा कोरा.

 सापडला, म्हटलं. मी आहे म्हणून ओळख दाखवत नाहीये.

ती जवळ आली. साठीची असेल, दोन हातात दोन काठ्या. "किया ओरा, नितीश!"

आवाज ऐकला आणि हा एकदम फुलला. "रॉबिन!" मिठीबिठी. तीच ती, तुरांगीहून त्याला सोडणारी शटलवाली. सुट्टीच्या दिवशी स्वतः चालायला आलेली. या वेळी सोबत मित्र आणलास, छान केलंस, म्हणाली. माझ्याकडे बघून हसली आणि पुढे गेली.

म्हणजे लफडं नव्हतं. पण मग ते काय होतं?

"तिने एवढा हात केला. तू बघितलंच नाहीस असं का केलंस?"

"लक्ष नव्हतं रे."

"तू तिच्याकडेच बघत होतास. नितीश, मी बाजूलाच उभा होतो. लाल जॅकेट होतं. मला मूर्ख समजू नकोस."

तो खडकावर बसला. खूप वेळ बुटाची नाडी चाचपत राहिला.

"तो पुढचा खांब दिसतोय तुला?"

"दिसतोय."

"त्याच्या पुढचा?"

"तो पण. का?"

"मी सरळ बघितलं की खांब जातो. नाहीसाच होतो. बाजूला बघितलं की परत येतो, पुसट." तो माझ्या कानाकडे बघत होता. "तुझा चेहरा पण तसाच. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. मधलं जातं, कडेचं राहतं. गेल्या उन्हाळ्यात इथून त्याच्या पुढचा खांब पण दिसायचा मला."



"म्हणून इथे येतोस? हे बघायला?"

"डॉक्टर सहा महिन्यांनी तपासतात. मला तेवढा धीर नाही. आणि इथे माणसं नसतात. हॅमिल्टनला देवळात गेलो की कोणीतरी हात करतं, मला दिसत नाही, मग म्हणतात, नितीशला माज आलाय. इथे कोणाला ओळखायचंच नसतं." थोडा हसला. "आज रॉबिन कडमडली."

"ताईला माहितीये?"

तो परत नाडीशी खेळायला लागला.

"नितीश. ताईला माहितीये का?"

"साखरपुडा झाला की सांगणार होतो."

आधी वाईट वाटलं होतं, खरंच. पण हे ऐकलं आणि डोकंच फिरलं. "झाल्यावर? म्हणजे चार लोकांत अंगठी घातली की तिला नाही म्हणणं अवघड जाईल, तेव्हा?"

"तसं नाही रे."

"मग कसं?"

तसंच होतं. दोघांनाही कळलं. त्याने मान खाली घातली.

"तू सांग तिला," तो म्हणाला. "तू भाऊ आहेस. तुझ्याकडून नीट घेईल."

"अजिबात नाही. तू सांगायचं. आजच."

परत येताना मी पुढे, तो मागे. माझ्या पावलांवर पाय ठेवत येत होता. मी मुद्दाम हळू चाललो, आणि त्याचा रागही येत होता.

तुरांगीच्या पेट्रोल पंपावर मी गाडीतून उतरलो. म्हटलं, कर फोन. आणि लांब जाऊन उभा राहिलो. काचेतून त्याचं तोंड हलताना दिसत होतं. सांगतोय ना? की रस्त्यात ट्रॅफिक होता वगैरे चाललंय? मी एवढं त्याला बोललो तरी मला खात्री नव्हती. मग तोंड हलायचं थांबलं.

माझा फोन वाजला. ताई.

"तुला कधीपासून माहितीये?"

"आज दुपारपासून."

"खरं सांग सागर."

"आईशप्पथ ताई."

 मागून फार्मसीच्या दाराची बेल वाजल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "त्याला इकडे घेऊन ये. आत्ता. फोनवर नाही बोलणार मी."

"अगं वेलिंग्टन म्हणजे इथून—"

"मला माहितीये किती लांब आहे."

मी गाडीत बसलो. उत्तरेला ते रापा, दक्षिणेला ती. गाडी दक्षिणेला वळवली, परत त्याच डेझर्ट रोडला.

"काय म्हणाली?" नितीशने विचारलं. "माझा मध्येच कट केला तिने."

"ये म्हणाली."

"आवाज कसा होता? चिडलेला?"

मी खूप आठवून बघितलं. एवढी वर्षं तिचा भाऊ आहे मी.

"नाही कळलं रे," मी म्हणालो. "बेल्ट लाव."