दोऱ्याचं टोक

"काका, आज चाळण्या राहू द्या. तुम्ही दवाखान्यात जा."

मॅडम दारातच थांबल्या होत्या. हातात बर्फाचा डबा, डब्यात बोटाएवढी कुपी. सकाळी इस्पितळाचा माणूस ती घेऊन आला तेव्हा काकानेच ती दारावर घेतली होती. तिच्यावरच्या चिठ्ठीत आपल्या बायकोचं नाव वाचून त्याने डबा दोन्ही हातांनी धरला होता, गरम भांडं धरावं तसा.

"एवढं आतडं संपवतो आणि निघतो," तो म्हणाला.

"तुमच्यासमोर ही तपासणी करायला मला बरं वाटत नाही."

"मी इकडे बघणारसुद्धा नाही."

मॅडम आतल्या खोलीत गेल्या, पण दार त्यांनी उघडंच ठेवलं. त्याने पुन्हा नळ सोडला.

संस्थेत त्याला सगळे चाळणीकाका म्हणत. मेलेले लांडगे जंगलखात्याकडून येत. कुणी गाडीखाली सापडलेला, कुणी म्हातारपणाने गेलेला. ते आधी आठवडाभर खोल गोठवायचे, म्हणजे कृमींची अंडी मरतात. मग आतडं उभं चिरायचं, पाण्याखाली खरवडायचं आणि ते पाणी एकाखाली एक लावलेल्या चाळण्यांतून सोडायचं. सगळ्यांत बारीक चाळणीत जे उरतं ते काळ्या ताटात पसरलं की पट्टकृमी दिसतात. तांदळाच्या कणीएवढे, पांढरे, निरुपद्रवी वाटणारे. लांडग्याला त्यांचं फारसं काही होत नाही. त्रास अंड्यांचा, आणि तोही दुसऱ्यांना. ती विष्ठेतून गवतावर पडतात आणि हरणाच्या पोटात जातात. चुकून माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात पाण्याची गाठ धरते. ती वर्षानुवर्षं न दुखता वाढत राहते.

तशीच एक गाठ परवा बायकोच्या यकृतातून काढली होती; तिचाच तुकडा कुपीत आला होता. दुसरी फुफ्फुसात होती, अवघड जागी. तिला डॉक्टरांनी हात लावला नव्हता. तिच्यासाठी आता गोळ्या, बहुधा कायमच्या.

प्रश्न एवढाच होता की गाठ कुठल्या जातीच्या कृमीची. एक जात कुत्र्या-मेंढ्यांत फिरते. तिची अंडी रस्त्यावरच्या कुत्र्याकडून, न धुतलेल्या भाजीतून, कुठूनही येऊ शकतात. दुसरी जात लांडग्या-हरणांत फिरते. बायको शिवणकाम करायची. घर, दुकान आणि बाजार याबाहेर ती फारशी जात नव्हती. दुसरी जात निघाली, तर ती तिच्यापर्यंत एकाच वाटेने आली असणार.

त्याने ताट दिव्याखाली धरलं, पण कृमी दिसेनात. डोळ्यांपुढे जाकीट येत होतं.

जंगलात लांडग्यांच्या विष्ठेचे नमुने गोळा करताना एकदा कुंपणाच्या तारेत त्याच्या जाकिटाची बाही फाटली होती. बाहेरचे कपडे संस्थेच्या आवाराबाहेर न्यायचे नाहीत, हा नियम नवीन माणसांना तोच शिकवायचा. पण नवं जाकीट मागायला संकोच वाटला. ते पिशवीत घालून तो घरी घेऊन गेला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बायको बाही शिवताना दिसली. शिवून झाल्यावर तिने नेहमीसारखा दोरा दातांनी तोडला. तो दारात उभा होता. तोंडात घालू नकोस, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर हे जाकीट घरात आलंच कसं, तेही सांगावं लागलं असतं. तो नुसता खाकरला होता.

"काका."

मॅडम निळ्या दिव्यासमोर बसल्या होत्या. काचेखालच्या पातळ वडीवर तीन पट्टे चमकत होते. पहिला तुलनेसाठी ठेवलेला, कुत्र्यांतल्या जातीचा, दुसरा तसाच लांडग्यांतल्या जातीचा. तिसरा आजचा. त्यांनी बोट दाखवलं नाही. दाखवायची गरजही नव्हती. दुसरा आणि तिसरा पट्टा एका ओळीत होते, पट्टीने आखल्यासारखे.

"औषध तेच राहतं, काका. याने काही बदलत नाही."

"हो."

"आणि असं एका माणसावर बोट ठेवता येत नाही. कुणाच्या बुटाला लागून..."

"मॅडम, ती जंगलात जात नाही," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला. नेहमीपेक्षा जास्त वेळ तो ते धूत राहिला.

इस्पितळात बायको उशांना टेकून बसली होती. मांडीवर वॉर्डातल्या मावशींचा निळा कोट, बोटात सुई.

"अगं, टाके ओले आहेत अजून तुझे."

"त्या टाक्यांचं सांगूच नका. दोघांत सारखं अंतर नाही. माझ्या दुकानात असं काम करणाऱ्याला मी बसूच दिलं नसतं." तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सुई कोटात टोचून ठेवली. "काय निघालं?"

"लांडग्याचंच."

"हं."

"ते जाकीट होतं ना, बाही फाटलेलं. मी घरी आणायला नको होतं. मला माहीत होतं, तरी आणलं. तू दातांनी दोरा तोडलास तेव्हाही मी बघत होतो." एवढं सलग तो बऱ्याच दिवसांत बोलला नव्हता.

"ते जाकीट मी आधी उकळून काढलं होतं."

"काय?"

"वास मारत होतं. मोठ्या पातेल्यात घालून गॅसवर ठेवलं, तुम्ही कामावर होतात. मग वाळवलं, मग शिवलं. उकळल्यावर उरतं का काही?"

"नाही," तो म्हणाला. "नाही उरत."

"मग जाकिटाचं नाही ते." तिने कोट बाजूला ठेवला. "तो हायवेवरचा लांडगा आठवतो? तुमचा ड्रायव्हर रजेवर होता आणि तुम्ही तो उचलायला मला घेऊन गेलात."

"तुला हातमोजे दिले होते मी."

"दिले होतेत. तुम्ही मोठी पिशवी आणायला गाडीकडे गेलात तेव्हा मी एक काढला."

"का?"

"मोज्यातून कापड कळतं का कधी?"

तो स्टुलावर बसला.

"वरचे केस राठ असतात," ती म्हणाली. "उलट्या बाजूने बोटं घातली की खाली अस्तर लागतं. दाट, मऊ. अजून कोमट होतं. असं अस्तर मी एकाही कोटाला लावलेलं नाही हो. मनगटापर्यंत हात आत गेला माझा."

"आणि मग हात धुतलेस की नाही?"

"घरी जाऊन धुतले. त्याआधी गाडीत तुमचं बटण लावलं."

त्याला आठवलं. लांडगा उचलताना त्याच्या शर्टाचं छातीवरचं बटण तुटलं होतं. तिने पर्समधली सुई काढली होती, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं होतं, आणि शेवटी त्याच्या छातीशी वाकून दोरा दातांनी तोडला होता. तिच्या केसांना उन्हाचा वास येत होता. ती दुपार त्याने आजवर कितीदा तरी आठवली होती, आणि प्रत्येक वेळी सुखाने.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही रागावला असतात."

"मी कधी रागावलोय?"

"तेच तर. महिनाभर नुसते गप्प बसला असतात." ती किंचित हसली आणि पोटावर हात दाबून थांबली. "इतकी वर्षं तुमच्या कामाचं नुसतं ऐकत आले. एकदा हात लावून बघावंसं वाटलं."

त्याने आयुष्यभर लांडगे हाताळले होते. केसांखाली केसांचा दुसरा थर असतो हे त्याला माहीत होतं. त्याच्या हाताला माहीत नव्हतं.

तिने पुन्हा कोट उचलला. सुईतला दोरा संपला होता. तिने रिळावरून नवा घेतला, टोक सुईच्या नेढ्याशी नेलं. दोऱ्याचे पदर सुटले. सवयीने तिने टोक ओठांकडे नेलं, मध्येच थांबली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"आण इकडे," तो म्हणाला.

कामात असो वा घरी, तो हात कधी तोंडाजवळ नेत नसे. नाकाला खाज आली तरी खांद्यावर घासायचा. त्याने दोरा घेतला, टोक ओठांत धरून ओलं केलं आणि खिडकीच्या उजेडात सुई वर धरली. पहिल्यांदा हुकलं. त्याने टोक पुन्हा तोंडात घेतलं.