त्र्यंबकच्या मापाची मूठ

मी एक मूठ बोलतेय. रिव्हॉल्व्हरची. दचकू नका, रिव्हॉल्व्हर आता माझ्याजवळ नाही. नुसत्या लाकडाला काय घाबरायचं?

जात विचाराल तर मेस्किट. टेक्ससच्या माळावर गुरं चरतात, तिथलं काटेरी झाड. तुमच्याकडची वेडी बाभूळ आमच्याच भाऊबंदांतली. वादळात आमचं झाड आडवं झालं, ओंडका चिरला गेला आणि माझा तुकडा अर्विंगमधल्या वेंडल नावाच्या म्हाताऱ्या बंदूक-कारागिराच्या फळीवर तीन वर्षं पडून राहिला. कंटाळा वगैरे आला नाही. लाकूडच ते.

२००३ साली त्र्यंबकनं मला उचललं. हा मूळचा नागपूरचा, इथं एका टेलिफोन कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. ऑफिसातल्या कुणीतरी एकदा सहज शूटिंग रेंजवर नेलं आणि गड्याला नाद लागला तो लागलाच. दोन वर्षांत चार रिव्हॉल्व्हरं. सगळी मोठ्या गोळीची, निशाणेबाजीची. शिकार नाही, भांडण नाही. अंडंसुद्धा न खाणारा माणूस. कागदावरच्या काळ्या गोलात पाचही गोळ्या एकाच भोकातून जाव्यात, एवढंच वेड. त्यासाठी ह्याची स्प्रिंग बदल, त्याला नवी मूठ बसव, असं अखंड चालायचं.

"लोक साड्या जमवतात, तिकिटं जमवतात. आमच्याकडे हे!" असं त्याची बायको नीलांबरी आल्यागेल्याला सांगायची. पण प्रत्येक रिव्हॉल्व्हरला मऊ कापडाची पिशवी तिनंच शिवली होती.

चव्वेचाळीस नंबरच्या रिव्हॉल्व्हरसाठी त्यानं मला घडवायला घेतलं. हाताचं माप कसं घ्यावं? पठ्ठ्यानं परातीतला कणकेचा गोळा उचलला आणि मुठीत गच्च दाबला. पाच बोटांचे खळगे उमटले. तो गोळा त्यानं खिडकीत वाळत ठेवला.

"आता पोळ्या काय डोंबलाच्या करू?" नीलांबरी ओरडली.

त्या गोळ्याकडे बघत अकरा रविवार गॅरेजमध्ये बसून त्यानं मला कानशीनं घासलं. त्याची करंगळी लहानपणी विटीदांडू खेळताना मोडून वाकडी बसलेली. तिच्यासाठी माझ्यात वेगळी वाकडी खाच केली. त्यानं मला पहिल्यांदा पूर्ण धरलं तेव्हा कुठं केसभर फट राहिली नाही. मला बरं वाटलं. हे मी उगाच कबूल करत नाही.

पुढची दोन-अडीच वर्षं चांगली गेली. दर शनिवारी रेंज. सोबत त्याची मुलगी सावनी, कानांवर भलीमोठी झाकणं लावून, दुर्बिणीतून गुण सांगायची. "नाइन, टेन, टेन, बाबा यू आर ऑन फायर!" त्र्यंबक मराठीतून लाजायचा.

२००६च्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा कळलं. हात तोच, माप तेच, पण धरणं बदललं होतं. कधी अंगठा घट्ट, बाकीची बोटं नुसती टेकलेली. कधी उगाचच इतका आवळायचा की माझे सांधे करकरावेत. त्या हाताला मी आहे की नाही, हेच कळत नव्हतं.

निशाण चुकायला लागलं. त्र्यंबक म्हणाला, मूठ बिघडली. मला पुन्हा घासायला घेतलं, नशीब, बोटांच्या खाचा सोडून. एकदा माझी बारीक काडी त्याच्या तळव्यात घुसली, रक्त माझ्यावर ओघळलं, आणि हा आपला घासतोच आहे. नीलांबरी चहा घेऊन आली तेव्हा तिला दिसलं.

"अहो, रक्त बघा! दुखत नाही का तुम्हाला?"

"कुठं काय. मूठच वाकडी झालीये."

"नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली आणि पट्टी शोधायला गेली. थट्टेत बोलली बिचारी, पण खरं तेच होतं. मी सगळं जाणत होते, आणि मला तोंड नव्हतं.

मग त्याला वाटलं, चाप जड आहे. वेंडलनं आधीच पुष्कळ हलका करून दिला होता. "याच्यापुढं नको. चाप बोटाला लागला पाहिजे," तो म्हणाला. त्र्यंबकला तर तो लागतच नव्हता. म्हणून घरी बसून त्यानं स्वतःच आणखी हलका केला. बधिर बोट आणि हलका चाप. ह्याच्याइतकं वाईट लग्न मी पाहिलेलं नाही.

२००७, मार्चमधला शनिवार. त्यानं घोडा ओढून ठेवला होता. सावनीनं काहीतरी विचारलं म्हणून तो अर्धा वळला. नळी टेबलाकडे झुकली आणि बार झाला. गोळी टेबल फोडून सावनीच्या बुटापासून वीतभर अंतरावर जमिनीत गेली.

"मी दाबला नाही गं," तो म्हणत राहिला. "खरंच दाबला नाही. माझं बोट बाहेर होतं."

बोट चापावरच होतं. सावनीनं पाहिलं होतं. ती रडली नाही, फक्त भिंतीपर्यंत मागं सरकली. तिचं ते मागं सरकणं त्यानं बघितलं.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सांगितलं, "नीलू, वर्षभर माझ्या बोटांना काही कळत नाहीये."

"आणि पोरीला शेजारी उभी करत होतात?"

 त्याच आठवड्यात सगळी रिव्हॉल्व्हरं वेंडलकडे गेली. मला तेवढं स्क्रू काढून घरी ठेवलं. तपासणीत कळलं, त्याच्या मानेच्या मणक्यात नस दाबली गेली होती. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात, किती परत येईल सांगता येत नाही.

आता २००८ चाललंय. दर मंगळवारी मी थेरपीला जाते. हाताच्या ओळखीच्या वस्तू घरून आणा, असं तिथल्या बाईंनी सांगितलं, म्हणून नीलांबरीनं एका पिशवीत चमचा, किल्ली, सुपारी आणि मला टाकलं. त्र्यंबकच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात आणि एकेक वस्तू हातात देतात.

चमचा त्यानं ओळखला. किल्ली चुकली. मग मी. बाईंनी मला त्याच्या तळव्यात ठेवून बोटं मिटवली. पाचही बोटं आपापल्या जागी बसली, वाकडी करंगळीसुद्धा. कुठं फट नव्हती.

त्यानं मला दोनदा दाबून पाहिलं. मग म्हणाला, "साबण."

कोपऱ्यात बसलेली सावनी बाहेर निघून गेली. पट्टी सोडल्यावर त्यानं मला पाहिलं. "अच्छा, ही होय," एवढंच म्हणाला.

मला राग नाही, रडूही येत नाही. बाई, तुम्हाला एकच विनंती आहे. पुढच्या मंगळवारी त्यानं साबण म्हटलं तर लगेच पट्टी सोडू नका. त्याला आणखी थोडा वेळ मला धरू द्या.